करडीचे काटे

पुस्तकात करडई, आमच्याकडे करडी. जालन्याच्या मोंढ्यात कुणी "करडईचा काय भाव?" असं विचारलं की आडत्या एकदा मान वर करून बघतो. हा माणूस इकडचा नाही, किंवा इकडचा होता पण पुण्या-मुंबईला जाऊन बरीच वर्षं झालीत, हे त्याला एका शब्दावरून कळतं. मी दुसऱ्या जातीतला. तरी लिहिताना करडीच लिहिणार आहे.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो, तेव्हा वावरातून हिंडताना सहज मोजलं. पूर्वीच्या अंबड तालुक्यातलं आणि आता घनसावंगीत गेलेलं आमचं गाव. शिवारात कापूस, ऊस, मोसंबी, तूर, नुकतंच उगवलेलं हरभऱ्याचं रान. करडीचं एक ताटसुद्धा नाही. माझ्या लहानपणी दिवाळीनंतर महिन्याभरानं याच शिवारात प्रत्येक ज्वारीच्या रानाला करडीची किनार असायची. एवढं मोठं पीक गेलं कसं, कधी गेलं आणि कुणी घालवलं, हे तेव्हापासून डोक्यात आहे. घरच्या मंडळींना विचारलं, थोडं वाचलं, त्यातून जे हाती लागलं ते हे असं.

आधी झाडाची ओळख. करडी ही सूर्यफुलाच्या कुळातली. शेवंती, झेंडू, अ‍ॅस्टर, सूर्यफूल ही सगळी तिची चुलत-मावस भावंडं. या कुळाची गंमत अशी की आपण ज्याला एक फूल म्हणतो ते एक नसतंच. ती बारीक-बारीक फुलांची भरलेली परडी असते. करडीचं बोंड घ्या. त्यातून केशरासारख्या ज्या काड्या बाहेर येतात त्यातली प्रत्येक काडी हे स्वतंत्र फूल, आणि प्रत्येकाच्या बुडाशी एक दाणा धरायचा. फूल उमलतं तेव्हा पिवळं, मग नारिंगी होतं आणि सुकता सुकता लाल. जानेवारीत करडीचं रान दुरून पाहिलं तर एकाच वेळी तिन्ही रंग दिसत. जवळ जायची मात्र सोय नसे, कारण पानापानाला काटा.

शास्त्रीय नाव कार्थॅमस टिंक्टोरियस. लिनियसनं १७५३ मध्ये दिलेलं. पहिला शब्द अरबी 'कुर्तुम'वरून आला आणि दुसऱ्याचा अर्थ रंगाऱ्याची, म्हणजे रंगवायच्या कामाची. नावात तेलाचा उल्लेखही नाही. खरंच, हजारो वर्षं हे झाड माणसानं मुख्यतः रंगासाठी सांभाळलं. इजिप्तमधल्या प्राचीन कापडांत या फुलाचा रंग सापडलेला आहे. आपल्याकडे हेच कुसुंभ. कालिदासाच्या ऋतुसंहारात वसंत आला की बायका कुसुंभानं रंगवलेली वस्त्रं नेसतात. मराठीत 'कुसुंबी' हा रंग उरलाय, पण तो करडीचा रंग आहे हे किती जणांना माहीत असेल! कन्नडमध्ये तर पिकाचंच नाव कुसुबे, तेलुगूत कुसुमा. मराठीनंच तेवढं वेगळं नाव धरून ठेवलं.

रंग काढायची पद्धत चिकाटीची. फुलांत पिवळा रंग भरपूर, तो साध्या पाण्यात धुऊन निघून जातो आणि फारसा कामाचा नसतो. लाल रंग अगदी थोडा, शेकड्याला एकसुद्धा भाग नाही. तो सोडवायला खार लागतो आणि कापडावर बसवायला लिंबासारखं काहीतरी आंबट. एवढं करूनही उन्हात विटतो. एकोणिसाव्या शतकात ढाक्याचं कुसुंभ इंग्लंडपर्यंत जात असे. मग १८५६ मध्ये लंडनमध्ये पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराला प्रयोगशाळेत जांभळा रंग सापडला, त्यामागून डांबरापासून बनवलेल्या रंगांची रांग लागली, आणि रंगासाठी करडी लावणं काही दशकांत संपलं. म्हणजे हे पीक एकदा आधीच मेलेलं आहे. दख्खनमध्ये ते टिकलं ते तेलासाठी आणि काट्यांसाठी.

काट्यांसाठी हे मी उगीच म्हणत नाही. आमच्या भागात करडी सलग क्वचित असायची. मालदांडी ज्वारीत किंवा हरभऱ्यात तिच्या मधूनमधून ओळी, आणि रानाच्या चारी बाजूंनी, विशेषतः गाडीवाटेच्या कडेला, दोन-तीन तासांचा पट्टा. हे कुंपण. तार नाही, खांब नाही, खर्च मूठभर बियाण्याचा. गुरं, शेळ्या, हरणं, रोही, कुणीही तोंड लावायला धजत नाही. आतल्या ज्वारीची राखण करडी करायची आणि वर तेलही द्यायची. पाण्याचा तिचा स्वभाव तर आमच्या भागासाठी घडवून घ्यावा असा. हस्ताचा पाऊस पडून गेला, वाफसा आला की पेरायची. पुढे तिला कुणी पाणी देत नसे. सोटमूळ खोल काळ्या जमिनीत दोन-दोन मीटर उतरतं. वर जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या तरी खालची ओल तिच्यासाठी शिल्लक असते.

पहिला महिनाभर काटे नसतात. रोप जमिनीला चिकटून बसलेलं, पानं कोवळी. तेव्हा विरळणी करायची आणि उपटलेल्या रोपांची भाजी. मुगाची डाळ किंवा तांदळाच्या कण्या, लसणाची फोडणी, वरून पुन्हा करडीचंच कच्चं तेल. किंचित कडवट लागते. आमच्या घरी ही भाजी आली की थंडी सुरू झाली असं धरायचे. आजीचा नियम होता, भाजी खुडायला पोरांना पाठवायचं आणि काटा धरला की बंद. म्हणजे काटा धरल्यानंतर करडीच्या रानात घरातलं कुणीच जात नसे. हे वाक्य मी सहज लिहून गेलो, पण त्यातच पुढची सगळी गोष्ट आहे.

मग काढायला कोण जायचं?

हे विचारायला मी आमच्या वावरात तेव्हा कामाला येणाऱ्या एका मावशींकडे गेलो. आता वय पंच्याहत्तरच्या पुढं असेल, नक्की त्यांनाही सांगता येत नाही. मी आपला करडीच्या तेलाबद्दल, त्या भाजीबद्दल हळवं होऊन बोलत होतो. त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुला गोड लागायली रे बाबा. तू खाल्ली. आम्ही काढली."

मग त्यांनी सांगितलं. शिमग्याच्या आगेमागे करडी वाळते. वाळली की काटा सुईसारखा कडक होतो. ऊन चढल्यावर हात लावता येत नाही, म्हणून दंव असेपर्यंतच कापायची. पहाटे तीन-साडेतीनला वावरात. चांदणं असलं तर त्याच्याही आधी. दंवानं काटा थोडा मऊ पडतो, नऊ-दहापर्यंत जेवढं होईल तेवढं. हाताला चिंध्या गुंडाळायच्या, पायाला पोत्याचे तुकडे सुतळीनं बांधायचे. दुबेळक्यानं झाड दाबून धरायचं आणि विळ्यानं बुडातून कापायचं. वाऱ्यानं उडू नये म्हणून ढिगावर दगड. पूर्ण वाळल्यावर काठ्यांनी बडवायची, तेव्हा तर काट्यांचा भुगा हवेत उडून मानेत, डोळ्यांत, पदरात जायचा. घरी गेल्यावर रात्री चिमणीच्या उजेडात एकमेकींचे काटे सुईनं काढायचे. राहिलेला काटा दोन दिवसांनी पिकायचा. अंगावरचं पोर असलं तर त्याला जवळ घेताना आधी लुगडं झटकावं लागायचं.

"आणि रोज?" मी विचारलं.

"गड्याला जास्त, बाईला कमी. काट्याला काय, दोघांचं रगत एकच."

हे सगळं त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. तक्रार म्हणून नाही, मी विचारलं म्हणून. पुढे त्या आणखी एक गोष्ट बोलल्या, ती मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळाली नव्हती. दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, ती पुढेही चालू राहिली. (१९७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या या कामांचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.) मावशी म्हणाल्या, खडी फोडणं बरं वाटायचं. हाताला घट्टे पडायचे, पण घट्टा पडला की पडला, तो रोज नव्यानं रुतत नाही. त्यानंतर गावातल्या बाया करडी काढायला नाही म्हणायला लागल्या, किंवा ज्वारीच्या काढणीपेक्षा जास्त रोज मागायला लागल्या.

करडी का गेली याची कारणं वाचताना मला पाणी, भाव, मावा रोग, आयात हे सगळं सापडलं. 'मजुरांचा तुटवडा' असंही एक कारण सगळीकडे छापलेलं असतं. हा तुटवडा म्हणजे काय, तर मावशी आणि त्यांच्यासारख्या बाया नाही म्हणू शकल्या. मला वाटतं या इतिहासातली ती सगळ्यात चांगली गोष्ट आहे, आणि ती तुटवडा या नावाखाली नोंदवली गेलीय.

अर्थात एवढ्यानं एक अख्खं पीक जात नाही. बाकीची कारणंही भक्कम आहेत.

पहिलं पाणी. पैठणचं जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं आणि त्याचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर करत परभणीकडे गेला. कालवा आला तसा ऊस आला, अंकुशनगरला समर्थ साखर कारखाना उभा राहिला, विहिरींना पाझर वाढला, मोसंबीच्या बागा लागल्या. जालन्याच्या मोसंबीचं पुढं एवढं नाव झालं की २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पाण्याखालच्या रानात करडी कोण लावणार? ती पाण्याची भुकेली नाही, उलट पाणी जास्त झालं तर मरते. जिचा सगळा गुण कोरड्यात, तिला ओलिताच्या शिवारात काय किंमत? याच काळात, १ मे १९८१ रोजी, औरंगाबाद जिल्ह्यातून जालना वेगळा झाला आणि परभणीतून परतूर त्यात आलं. मला कधी कधी वाटतं, जिल्हा जन्मला आणि करडी म्हातारी झाली, दोन्ही एकदमच.

दुसरं कापूस. जालन्याला जुन्या पिढीतले लोक 'जालना सोने का पालना' म्हणायचे ते व्यापारामुळे, आणि त्या व्यापारात कापूस आधीपासून होताच. पण पूर्वी भारी काळं रान खरिपात मोकळं ठेवून रब्बीची ज्वारी-करडी घ्यायची चाल होती. संकरित कापूस आला तशी ती मोडायला लागली. बियाण्यांच्या या धंद्याची एक राजधानी आमच्या जालन्यातच. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको कंपनी इथं काढली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आणि मार्च २००२ मध्ये देशात पहिल्यांदा बीटी कापसाला परवानगी मिळाली तीही महिकोच्याच वाणांना. जूनमध्ये लावलेला कापूस वेचण्या होत होत जानेवारीपर्यंत रानात उभा असतो. करडी पेरायची असते सप्टेंबरच्या अखेरीला, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. तेव्हा रानच मोकळं नाही. जिथं सोयाबीन निघून रान मोकळं होतं, तिथं हरभरा बसला. हरभऱ्याला काटे नसतात आणि भावही ओळखीचा असतो.

तिसरं तेल. ऐंशीच्या दशकात भारतात करडीचं क्षेत्र आठ-नऊ लाख हेक्टर होतं, त्यातला सगळ्यात मोठा वाटा महाराष्ट्राचा आणि कर्नाटकाचा. जगात आपण पहिले होतो. १९८६ मध्ये केंद्रानं तेलबियांसाठी तंत्रज्ञान मोहीम काढली, पिवळी क्रांती म्हणून तिचं कौतुकही झालं. पण १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली केली, पुढच्या चार-पाच वर्षांत त्यावरचं शुल्क उतरत गेलं, आणि २००८ मध्ये तर महागाईच्या भीतीनं कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क शून्यावर आणलं. हेक्टरी सहा-सात क्विंटल देणारं, जाड सालीचं, तीस टक्क्यांच्या आसपास तेल निघणारं आमचं कोरडवाहू दाणं मलेशिया-इंडोनेशियाच्या पामशी कसं टिकणार? आज देशातलं करडीचं क्षेत्र लाख हेक्टरच्याही खाली आलंय, आणि पहिल्या नंबरावर आहे कझाकस्तान.

यातली एक विसंगती मला फार खुपते. ज्या वर्षांत आमच्या घरात करडीचं तेल 'गावठी' म्हणून मागं पडत होतं आणि पाहुणे आले की डब्यातलं वनस्पती तूप निघत होतं, त्याच वर्षांत मुंबई-पुण्यात डॉक्टर लोक हृदयरोग्यांना करडीचं तेल खायला सांगत होते. सफोला हे नावच मुळी करडीच्या इंग्रजी नावावरून आलेलं. आमचे एक नातेवाईक पुण्याहून आले, त्यांनी कौतुकानं ती बाटली दाखवली. आजोबांनी वास घेतला आणि म्हणाले, "ही तर करडी हाय, पण वास काढून घेतल्याली." असो.

काट्यांवर कुणीच इलाज शोधला नाही का? शोधला, आणि चांगला शोधला. साताऱ्याकडे फलटणला बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये एक शेती संशोधन संस्था काढली. (वाचणाऱ्या मंडळींना त्यांची ओळख कदाचित दुसरीकडून असेल. जाई निंबकर या त्यांच्या पत्नी, इरावती कर्व्यांच्या कन्या.) या संस्थेनं करडीवर वर्षानुवर्षं काम केलं. नारी-६ हा बिनकाट्याचा वाण आणि २००१ मध्ये आलेला नारी-एनएच-१ हा बिनकाट्याचा संकरित वाण, जगातला असा पहिला, ही त्यांची कमाई. फुलांच्या पाकळ्या गोळा करून त्यांचा चहा करायचा, विकायचा, हेही त्यांनी दाखवलं. इकडे परभणीचं कृषी विद्यापीठही मागे नव्हतं. शारदा, परभणी कुसुम हे तिथले काट्याचे वाण मराठवाड्यात गाजले, आणि पीबीएनएस-४० हा बिनकाट्याचाही काढला.

पण गंमत बघा, बिनकाट्याची करडी शेतकऱ्यानं फारशी उचलली नाही. सुरुवातीच्या वाणांचा उतारा आणि तेल काटेवाल्यांपेक्षा कमी पडायचं, हे एक. दुसरं कारण मला चुलतभावानं सांगितलं. "दादा, काटे काढले तर मग तिला कुंपण कोण घालणार?" रानडुकरं आणि रोही यांचा आमच्याकडे एवढा सुळसुळाट आहे की काट्याविना करडी म्हणजे त्यांना पानात वाढलेलं जेवण. काटा असला तर बाया काढत नाहीत आणि नसला तर जनावरं ठेवत नाहीत. या दोन्हींच्या मधे करडी अडकून बसली.

मोकळी जागा मोकळी राहत नाही. करडीच्या जागी तिच्याच कुळातली दोन माणसं येऊन गेली, म्हणजे एक येऊन गेलं आणि एक राहिलं. सूर्यफूल १९६९ च्या सुमारास रशियाकडून आलं. काटा नाही, कुठल्याही हंगामात येतं, दिसायला देखणं. नव्वदच्या दशकात मराठवाड्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळंधमक रान दिसायचं, फोटो काढावा असं. मग पोपटांनी खाल्लं, १९९७ नंतर नेक्रोसिस नावाचा विषाणू आला, भावानं साथ सोडली, आणि तेही गेलं.

राहिलं ते गाजरगवत. पांढऱ्या बारीक फुलांचं, आपल्याकडे काँग्रेस गवत म्हणतात ते. तेसुद्धा करडीच्याच कुळातलं, यावर घरी कुणाचा विश्वास बसत नाही. १९५५ मध्ये पुण्यात ते पहिल्यांदा वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेत भरलं, उकिरड्यावर. अमेरिकेच्या पीएल-४८० च्या गव्हातून आलं असं आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो, पण त्या योजनेखाली भारताचा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, म्हणजे झाड दिसल्यानंतर. त्याआधी १९५१ मध्येही अमेरिकेचा गहू आला होता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नोंदींतही हे झाड भारतात आढळतं. तेव्हा सगळा दोष एका पोत्यावर टाकता येत नाही. पुढं ते पसरलं ते मात्र आपल्याच गाड्यांनी, कालव्यांनी आणि पडीक बांधांनी. त्याच्यावर सोडायला मेक्सिकोहून भुंगे आणले, १९८४ पासून बंगळुराकडे सोडले, तर ते भुंगे सूर्यफुलावर दिसले आणि शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. कुळातली भांडणं अशीही असतात. आमच्या गाडीवाटेच्या कडेला जिथं करडीचा पट्टा असायचा, तिथं आज कमरेएवढं गाजरगवत आहे. जनावरं त्यालाही तोंड लावत नाहीत. पण ते राखण कशाचीच करत नाही, आणि उपटणाऱ्याच्या अंगाला खाज सुटते ती वेगळीच.

२०१२ च्या दुष्काळात मी महिनाभर गावी होतो. जालना जिल्ह्याला तेव्हा फार वाईट फटका बसला. विहिरी तळाला गेल्या, लोकांनी मोसंबीच्या बागा विकतच्या टँकरनं जगवल्या, आणि ज्यांना ते जमलं नाही त्यांनी पंधरा-पंधरा वर्षांची झाडं कुऱ्हाडीनं तोडली. तेव्हा पारावर एक वाक्य सारखं ऐकू यायचं, "करडी असती तर..." मला हे पूर्ण पटत नाही. करडीलाही हस्ताचा पाऊस लागतो, आणि जमिनीत ओलच नसेल तर दोन मीटरचं मूळ कुठून पाणी आणणार? १९७२ मध्ये करडी होतीच की, तरी लोक खडी फोडायला गेलेच. फरक एवढाच आहे की करडी बुडाली तर त्या वर्षाचं दोन पोती तेल बुडायचं. मोसंबी बुडाली तेव्हा पंधरा वर्षं बुडाली, आणि तिच्यावरचं कर्ज तसंच उभं राहिलं. हा हिशेब लहान नाही, पण तो मावशींच्या हातांचा हिशेब खोडूनही टाकत नाही. दोन्ही एकाच वहीत लिहायचे आहेत, आणि माझ्या नातेवाइकांत दोन्ही पानं एकदम वाचणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. शहरातले तेलावर हळहळतात, गावातले बागेवर.

आता ताजी बातमी. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रानं रब्बीचे हमीभाव जाहीर केले, त्यात करडीला क्विंटलमागं ६०० रुपये वाढ दिली, ५,९४० वरून ६,५४०. त्या यादीतल्या कुठल्याही पिकाला एवढी वाढ नव्हती. गव्हाचं कापणी यंत्र करडीलाही चालतं, हे सिद्ध होऊनही बरीच वर्षं झाली. यंत्राला काटे टोचत नाहीत.

चुलतभावाला फोन केला. कोरडवाहू तुकड्यात, वरच्या अंगाला, पुढच्या हस्तानंतर दोन एकर करडी टाकायचं त्याच्या मनात आहे. काट्याचीच, रोह्यांमुळे. पण दोन एकरांसाठी यंत्रवाला यायला तयार नाही, त्याला निदान दहा एकर एका जागी हवं. म्हणून तो शेजारच्या चौघांशी बोलतोय. त्यातले दोघे हो म्हणालेत, एकाचा मुलगा पुण्यात असतो त्याला विचारून सांगतो म्हणालाय, आणि चौथ्याला हरभराच पेरायचा आहे.